समर्राचा मिनार आणि स्टोअरबाबूंची चढाई

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी टर्बाइनवर फिटर होतो. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या कॉलनीत पासपोर्टची साथ आली. रोज कुणाचा तरी पासपोर्ट निघायचा, कुणीतरी मुंबईला मेडिकलला जायचं, आणि महिनाभरात त्या घरासमोर हारतुरे घेतलेली माणसं उभी राहायची. त्या साथीत मीही सापडलो. इराकमध्ये, बगदादच्या वर उत्तरेला, एक नवं वीजकेंद्र उभं राहत होतं. तिथली यंत्रं बसवायचं काम एका भारतीय ठेकेदाराकडे होतं आणि त्याला फिटर हवे होते. दोन वर्षांचा करार. आईला इराक कुठे आहे ते सांगताना मी भिंतीवर बोटानं मुंबई दाखवली, मग समुद्र, आणि मग बोट नेत नेत पार खिडकीपर्यंत नेलं. ती म्हणाली, तिथे भाजी मिळते का तेवढं बघ.

तिकडे कॅम्पात पाचशे माणसं, पण नाशिकची आम्ही तिघंच. एक मी. दुसरा मालेगावचा, क्रेन चालवणारा. याला सगळे भाई म्हणत. हा आधी यंत्रमागावर होता, मग ट्रकवर, मग क्रेनवर. जे हातात येईल ते चालवायचा आणि कमी बोलायचा. तिसरे आमचे स्टोअरबाबू. पंचवटीतले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं भरलेले, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. नट-बोल्टपासून वेल्डिंगच्या रॉडपर्यंत प्रत्येक वस्तू त्यांच्या सहीनं बाहेर पडे, त्यामुळे इंजिनिअरसुद्धा त्यांना साहेब म्हणत. मग आम्ही कोण?

साहेब इराकला येताना नाशिकहून स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आले होते. शाकाहारी मेसमध्ये तो एका खिळ्याला टांगलेला असे. शिवाय पाण्याचा एक मोठा प्लास्टिकचा जग होता, झाकणाचा. त्यातलं पाणी ते स्वतः उकळत, स्वतः गाळत आणि स्वतःच पीत. हे सगळं पोटासाठी आहे असं ते सांगत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणत. माझं घराणं छप्पन सालापासून बौद्ध, हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक झालं होतं. आडनाव ऐकल्यावर "कुठल्या गल्लीतले?" आणि गल्ली ऐकल्यावर "अस्सं" एवढ्या दोन पायऱ्यांत ते तिथे पोचले. त्या दिवसापासून मी मेसमध्ये त्यांच्या टेबलाजवळ आलो की त्यांचं पोट आणखी नाजूक व्हायचं.

माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं. आजारी पडलो तेव्हा त्यांनी स्टोअरमधून माझ्यासाठी जाडजूड रजई काढून दिली होती, बिनसहीची. फक्त ती खाटेवर ठेवली नाही, दारात ठेवली.

तर शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी भाई आंघोळ करून, स्वच्छ पांढरा कुडता घालून कॅम्पाबाहेरच्या गावात जाई. तिथे पत्र्याच्या छपराची एक छोटी मशीद होती. नमाज पढून येताना तो गरम पावाची चवड आणायचा आणि आमच्या बराकीत वाटायचा. आठवडाभरातली हीच त्याची मौज. बाकी आम्ही कपडे धुवायचो, पत्रं लिहायचो आणि झोपायचो.

एका बुधवारी साहेबांनी स्टोअरच्या खिडकीतून मला हाक मारली. म्हणाले, या शुक्रवारी आपण नाशिककरांनी सहलीला जायचं. समर्राला. इथून दोन तासांवर आहे. जगातली एके काळची सगळ्यात मोठी मशीद तिथे आहे. मी विचारलं, आपण मशिदीत कशाला? साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, आपल्या मियाँसाठी. बिचारा दर आठवड्याला पत्र्याखाली जातो. आपण त्याला खरी मशीद दाखवू."

सर्वधर्मसमभावाचा हा झटका साहेबांना कुठून आला ते मला नंतर कळलं. साइटच्या मॅनेजरनं त्यांना सांगितलं होतं की पिकअप खाजगी कामाला मिळणार नाही, पण धार्मिक कारण असेल तर देऊ. साहेबांना खरं तर समर्राचा तो गोल गोल वर जाणारा मिनार बघायचा होता. एका जुन्या मासिकात त्यांनी त्याचा फोटो पाहिला होता. भाईला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं. त्याला गुरुवारी सांगण्यात आलं की तुझ्यासाठी सहल ठरली आहे आणि गाडी तूच चालवायची आहेस.

शुक्रवारी सकाळी निघालो. मी माझी बेलबॉटम घातली, गॉगल लावला, आणि एका सरदारजीकडून कॅमेरा मागून घेतला. नाशिकरोडला माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं आणि आईनं परदेशातला एक चांगला फोटो पाठव म्हणून लिहिलं होतं. चांगला म्हणजे ज्यात मी उंच दिसेन. मिनाराच्या टोकावर उभा राहिलो तर उंचीचा प्रश्न मिटेल, असा माझा हिशेब.

पिकअपच्या पुढच्या बाकावर तिघं मावत होते. भाई चाकावर बसला, खिडकीशी साहेब बसले, आणि मधल्या जागेवर पाण्याचा जग बसला. साहेब म्हणाले, हा लवंडला तर दिवसाची पंचाईत, तुम्ही मागे मोकळ्या हवेत बसा, तरुण आहात. मी मागे बसलो. दोन तास मोकळी हवा खाल्ली. समर्रा येईपर्यंत माझ्या गॉगलच्या आत-बाहेर सारखीच धूळ होती.

गावात शिरताना रस्ता चुकला. साहेबांनी भाईला सांगितलं, खाली उतरून विचारून या, तुमचीच भाषा ना ती. भाईनं गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाला, "साब, मैं नमाज की अरबी बोलता. उसमें रस्ता पूछने का नाय आता."

शेवटी मीच उतरलो आणि एका दुकानदारासमोर हवेत बोट गोल गोल फिरवत वर नेलं. त्याला लगेच समजलं.

मशीद समोर आली. प्रचंड होती, यात वाद नाही. भाजक्या विटांच्या उंच भिंती चारी बाजूंनी मैलभर पसरल्यासारख्या, मधे मधे अर्धगोल बुरूज. दारांच्या जागी नुसत्या कमानी. कमानीतून आत गेलो, तर आत काहीच नव्हतं. छप्पर नाही, खांब नाहीत, चटई नाही, माणूस नाही. नुसतं खड्यांचं मैदान आणि वर ऊन. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची मशीद. तिथे नमाज होऊन शेकडो वर्षं झाली असावीत.

भाई मैदानाच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंना बघत होता. त्यानं पांढरा कुडता इस्त्री करून घातला होता. "इमाम किधर है?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, "वजू का पानी भी नाय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "जुम्मा गया अपना."

म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी मशिदीची सहल काढली होती त्याचा इराकमधला शुक्रवारचा नमाज त्या सहलीनं पहिल्यांदाच बुडवला. गावात दुसरी मशीद होती, पण रस्ता शोधण्यात दुपार झाली होती, आता तिथे वेळेत पोचणं शक्य नव्हतं. भाईनं साहेबांना एवढंच विचारलं की जगमधलं थोडं पाणी हातपाय धुवायला मिळेल का, मी इथेच पढतो. साहेब अडखळले. म्हणाले, "प्यायचं पाणी आहे हो ते. उकळलेलं. आपण खाली उतरून आलो की बघू."

माझे वडील तरुणपणी पंचवटीतल्या राममंदिराच्या दाराशी दिवसचे दिवस उन्हात बसले होते, आत जाऊ द्या म्हणून. त्यांना कुणी आत जाऊ दिलं नाही, आणि पाणी मिळालं असेल तर ते कसं, हे ते कधी सांगत नसत. आणि मी इथे परक्या देशात, परक्या धर्माच्या देवघरात, बेलबॉटम घालून गॉगल पुसत उभा होतो. कुणी अडवलं नव्हतं. अडवायला दारच नव्हतं.

साहेबांचं तोवर व्याख्यान सुरू झालं होतं. विटा बघा, या मापाच्या विटा आपल्याकडेही सापडतात. कमान बघा, मूळ आपलीच. मिनाराचा तो वेढा म्हणजे मेरू पर्वत, यांनी आपल्याकडून घेतला. मला आमची नाशिकची लेणी आठवली. तिथे आत बुद्ध बसलेत, आणि साऱ्या नाशिकनं ती पांडवांच्या नावावर चढवून टाकली आहेत. वस्तू कुणाच्याही सहीशिवाय एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी जाते, हे शेवटी एका स्टोअरबाबूइतकं कुणाला कळणार?

मिनार भिंतीच्या बाहेर, एकटा उभा आहे. खाली रुंद, वर निमुळता, आणि बाहेरच्या अंगानं चढणीचा रस्ता त्याला गुंडाळत वर गेलेला. पाच वेढे. चढताना डाव्या हाताला भिंत आणि उजव्या हाताला काहीच नाही. कठडा नाही, दोर नाही. आमच्या केंद्रात असलं काही असतं तर सेफ्टीवाल्यानं लाल फळी लावून बंद केलं असतं. पण तिथे सुट्टीचा दिवस म्हणून इराकी कुटुंबं आली होती. पोरं त्या चढणीवर पकडापकडी खेळत होती.

साहेबांनी आधी पायथ्याशी हाताची घडी घालून एक फोटो काढून घेतला. मग म्हणाले, चला, मी पुढे होतो. सप्तशृंगीचा गड मी अनवाणी चढलोय. जग त्यांच्या खांद्याला पट्ट्यानं लटकत होता. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे भाई.

पहिला वेढा साहेबांनी बोलत बोलत पार केला. दुसऱ्या वेढ्यात ते कमी बोलले. तिसऱ्या वेढ्यात रस्ता अरुंद झाला आणि वारा सुटला. साहेबांनी सहज उजवीकडे पाहिलं. खाली आमची पिकअप काडेपेटीएवढी दिसत होती. ते थांबले. मला वाटलं दृश्य बघताहेत. पण त्यांनी हळूच तोंड भिंतीकडे केलं, दोन्ही तळवे विटांवर टेकवले, कपाळ टेकवलं, आणि तसेच राहिले.

मी विचारलं, साहेब, काय झालं?

"काही नाही," ते विटांना म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा."

पुढे होण्यासाठी त्यांच्या पाठीमागून, कडेनं जावं लागणार होतं, आणि मी जवळ गेलो की ते डोळे मिटूनच म्हणत, हलू नका, हलू नका. मिनार डोलतोय, असं त्यांना वाटत होतं. तोवर खालून एक म्हातारी आली. जाडजूड, डोक्यापासून पायापर्यंत काळा बुरखा पांघरलेली, एका हातात चहाची किटली. साठीची तरी असेल. तिनं आमच्याकडे बघितलं, साहेबांच्या पाठीवर दोनदा थोपटलं, अरबीत काहीतरी समजुतीचं बोलली, आणि किटली न सांडता कडेकडेनं वर निघून गेली. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. कुणी शिवलं, कोण शिवलं, हे विचारायच्या स्थितीत ते नव्हते.

भाईनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि कामाची गोष्ट बोलावी तसा बोलला. "मिस्त्री, साब को नीचे लेना पडेगा. बिठा के."

क्रेनवाल्याला वजन खाली कसं आणायचं ते समजतं. त्यानं आधी साहेबांच्या खांद्यावरचा जग काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला. साहेबांनी हूं की चूं केलं नाही. मग आम्ही दोघांनी त्यांना खाली बसवलं, पाठ भिंतीला. भाई कडेच्या बाजूला, म्हणजे जिथे काहीच नव्हतं तिथे, आडवा भिंतीसारखा झाला. मी पुढे, एका हातानं त्यांचे पाय धरून. आणि साहेब बसल्या बसल्या, एकेक हात पुढे सरकत, उतरू लागले. माझा हात त्यांनी असा आवळला होता की बोटं पांढरी पडली. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्यांची कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणूस खोकतो, तसा मी खोकत होतो. मधेच ते पुटपुटत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणताहेत. नीट ऐकलं तर म्हणत होते, घरी सांगू नका, घरी सांगू नका.

तीन वेढे उतरायला पाऊण तास लागला. चढणारी कुटुंबं भिंतीला चिकटून आम्हाला वाट देत होती. एका पोरीनं साहेबांच्या मांडीवर खजूर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

खाली पोचल्यावर साहेब बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. भाईनं त्यांचा जग त्यांच्यासमोर ठेवला. साहेबांनी झाकण उघडलं, पाणी प्यायले, आणि मग स्वतःहून भाईला म्हणाले, "मियाँ, या, हात पुढे करा." भाई उकिडवा बसला. साहेब उभे राहिले आणि त्यांनी जग उंच धरून वरून धार सोडली. भाईनं हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले. वजूचं पाणी कुणी वरून घातलं तर भाईच्या दृष्टीनं उत्तमच होतं. आणि साहेबांच्याही दृष्टीनं उत्तम होतं, कारण जगाला कुणाचा हात लागला नाही. दोघंही समाधानी. ते तसं वरून पाणी घालणं मी लहानपणी खेड्यातल्या आडावर पाहिलंय. ओंजळ धरून खाली बसलेले माझे वडील होते.

भाईनं त्या रिकाम्या मैदानात जाऊन नमाज पढला. नंतर तो एकटाच मिनारावर गेला. मला म्हणाला, चल. पण खरं सांगायचं तर तिसऱ्या वेढ्यातून उजवीकडे मीही एकदा बघितलं होतं. मी म्हटलं, साहेबांपाशी कुणीतरी पाहिजे.

तो टोकापर्यंत जाऊन आला. काय दिसलं विचारलं, तर म्हणाला, "धूल. और अपनी गाडी." येताना त्या म्हातारीच्या घरच्यांनी त्याला हाक मारून चहा दिला होता, आणि आम्हा दोघांसाठीही छोट्या काचेच्या पेल्यांतून पाठवला. भाईचा धरून तिन्ही पेले एका ताटलीत. साहेबांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग जो पेला हाताला लागला तो उचलून एका घोटात संपवला. त्या दिवशी त्यांचं पोट अजिबात बिघडलं नाही. परत जाताना जग मागे ठेवला आणि मी पुढे बसलो. सोमवारपर्यंत मेसमधला पेला पुन्हा खिळ्याला होता.

करार संपला, आम्ही परतलो. पुढे काही महिन्यांतच तिकडे लढाई पेटली. माझं लग्न झालं. पाठवलेला फोटो कॅम्पाच्या गेटवरचा होता. भाईनं मालेगावात जुना ट्रक घेतला. स्टोअरबाबूंनी इंदिरानगरात बंगला बांधायला काढला. ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा त्यांच्या वास्तुशांतीचं निमंत्रण मला आलं. भाईला नव्हतं. साहेब म्हणाले, त्याचा पत्ता हरवला. मालेगाव नाशिकपासून बसनं तीन तास. पत्ता हरवायला पुरेसं अंतर.

मी बायकोला घेऊन गेलो. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये साहेबांचे पाहुणे सतरंजीवर बसले होते आणि भिंतीवर, पायथ्याशी हाताची घडी घातलेला, माझ्या हातचा तो फोटो होता. चांगला मोठा करून घेतला होता. साहेब इराकविषयी सांगत होते. पाच वेढे, कठडा नाही, वारा असा की माणूस उडावा. वरून बगदाद दिसतं म्हणाले. एका पाहुण्यानं मला विचारलं, "खरंच दिसतं का हो?"

"साहेबांना दिसलं असेल," मी म्हटलं. "मी तिसऱ्या वेढ्यातून परत फिरलो. एकाला खाली आणायचं होतं."

मग साहेबांनी मान हलवली, अगदी मायेनं. "हो, यांना भोवळ आली होती," ते पाहुण्यांना म्हणाले. "अशा जागी होतं हो एखाद्याला. मी हात धरून बसवत बसवत आणलं. त्यात लाज कसली?"

सगळे माझ्याकडे सहानुभूतीनं बघू लागले. एका बाईंनी मला आता बरं वाटतं का विचारलं.

निघताना साहेबांची बायको दारापर्यंत आली. बारीक चणीची, कमी बोलणारी. माझ्या बायकोच्या ओटीत नारळ घातला आणि मग मला म्हणाली, "भावजी, गच्चीचा कठडा व्हायचाय अजून. चार महिने झाले स्लॅब पडून. हे एकदाही वर गेले नाहीत. गवंड्याला सगळं खालूनच सांगतात." ती हसली नाही. पदर सावरून आत गेली.

नाशिकरोडच्या बसमध्ये बायकोनं विचारलं, तुम्हाला खरंच भोवळ आली होती? मी नाही म्हटलं. मग तिथे बोललात का नाही, ती म्हणाली. पोटात त्यांच्या घरचं श्रीखंड होतं, आणि पंगतीत त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं होतं. तेवढ्यावर मी गप्प बसलो होतो, हे तिला सांगायला मला फार दिवस लागले.